फाईल चालत नाही

दिल्लीत 'फाईल चालत नाही' असं कुणी म्हटलं, की ऐकणारा आधी दार लोटून घेतो आणि मग हळू आवाजात विचारतो, "कुणाकडे अडकलीय?" केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि त्याहून जास्त ऐकवलं. तिथं फाईल चालते, बसते, झोपते, वर चढते, खाली घसरते आणि एखादी कायमची बेपत्ता होते. ती का चालत नाही याची कारणं मला पाढ्यांसारखी पाठ होती. साहेब दौऱ्यावर आहेत. पानांवर क्रमांक नाहीत. वित्त विभागानं एका ओळीची शंका काढली आहे आणि ती ओळ कुणालाच लागत नाही. त्यामुळे 30 ऑगस्ट 2022 ला, हरतालिकेच्या सकाळी, नोएडातल्या आमच्या घरी एक फाईल चालेना तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. ही कागदाची नव्हती, आवाजाची होती, एवढाच फरक.

फाईल होती बाबांच्या मंत्रपुष्पांजलीची. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते.

ज्यांनी महाराष्ट्राबाहेर गणपती बसवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आरत्या आम्ही रेटून नेतो; शब्द चुकला तर टाळ्या सांभाळून घेतात. इकडचे पंडितजी प्राणप्रतिष्ठाही नीट करून देतात. घोळ होतो तो मंत्रपुष्पांजलीला. पहिली ओळ सगळे अंगात आल्यासारखी म्हणतात. दुसरीला निम्मे गळतात. तिसरीपासून जो तो दुसऱ्याच्या ओठांकडे बघत आपले ओठ हलवतो, आणि पंजाबी शेजारी मुठीत फुलं धरून विचारात पडतात, की ही टाकायची तरी कधी? बाबांचं तसं नव्हतं. ते एका दमात, एकाही अक्षराला धक्का न लावता शेवटाला पोचायचे. 1991 साली ते वाईहून आमच्या रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गणपतीला आले, तेव्हा टू-इन-वनवर मी त्यांचा आवाज भरून ठेवला. पुढं बाबा गेले, कॅसेट राहिली. 2005 मध्ये नेहरू प्लेसमधल्या एका दुकानात तिची सीडी करून घेतली. तेव्हापासून आमच्या घरी पुष्पांजली बाबाच म्हणतात, आम्ही मागून फरपटत येतो.

त्या वर्षी गोकुळाष्टमीला म्युझिक सिस्टीमनं मान टाकली. चकती फिरायची, काचेमागे दिवा लागायचा, पण वाचायचं म्हणून काही नाही. आमच्या सेक्शनला असे एक साहेब होते.

"आता?" बायकोनं विचारलं. मी नुसता हसलो. कारण 2011 मध्ये, जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी, मी दूरदृष्टीनं ती सीडी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवली होती. जवळजवळ सत्तर मिनिटांची सीडी तीन सेकंदांत उतरली होती. त्या वेगाचं तेव्हा मला कौतुक वाटलं. खरं तर शंका यायला हवी होती. तीन सेकंदांत पूर्ण झालेलं काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

पेन ड्राइव्ह लावला. 'बाबा मंत्रपुष्पांजली' या नावावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली. ही वस्तू आम्हाला न चालणाऱ्या प्रकारातली आहे, दुसरं काहीतरी निवडा, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली बारीक अक्षरांत एक नंबर: शून्य एक्स, सी, शून्य, शून्य, डी, छत्तीस, सी, चार. नंबर दिसला तसं मला हायसं वाटलं. ज्या नकाराला क्रमांक असतो त्याच्यावर अपील करता येतं. मी तो डायरीत उतरवून घेतला, शेजारी तारीख घातली आणि खाली रेघ मारली. बायको हे सगळं बघत होती. हरतालिकेच्या कडक उपासात ती एकदम शांत असते, आणि आमच्या घरात खरी धोक्याची खूण तीच.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कर्नलसाहेब आले. ते सैन्याच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेत, त्यामुळे जगात कुठंही आवाज गेला तर तो शोधून आणणं हे ते आपलं कर्तव्य समजतात. मी डायरीतला नंबर दाखवला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. "पहले यह बताइए, एक फाईल नहीं बज रही या कोई भी नहीं बज रही?"

प्रश्न लाखाचा होता, हे मी नंतर मान्य केलं. एकच फाईल मुकी असेल तर आजारी फाईल. सगळ्याच मुक्या असतील तर आजारी यंत्र. आम्ही दुसरं गाणं लावून पाहिलं. पट्टी सरकत होती, आवाज नव्हता. साहेबांचे डोळे चमकले. मग स्पीकरची वायर, आवाजाचा खुंटा, कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर लाल फुली आहे का, अशी सगळी चौकी-पहाऱ्याची तपासणी झाली. शेवटी सापडलं. मुलानं दिवाळीत आणून दिलेला मोठा मॉनिटर ज्या केबलनं जोडला होता, तीतूनच आवाजही त्याच्याकडे जात होता. आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. म्हणजे कॉम्प्युटर इमानेइतबारे बोलत होता, पण बहिऱ्यापुढं. साहेबांनी दिशा बदलली आणि भांगड्याचं एक गाणं इतक्या जोरात सुटलं की मखराचा एक खांब पडला.

बाबा मात्र गप्पच. पुन्हा तोच नंबर.

"दुश्मन बाहर नहीं है," कर्नलसाहेब गंभीरपणे म्हणाले, "अंदर है." आणि चहा घेऊन गेले.

ही बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाकली ते मला अजून कळलेलं नाही. अर्ध्या तासात अकरा निदानं आली. बंद करून चालू करा. व्हायरस आहे. ड्रायव्हर अपडेट करा (हा सल्ला वाचून एका काकूंनी आपल्या ड्रायव्हरची तक्रार सुरू केली). तळमजल्यावरच्या आँटीजींनी मात्र ठामपणे लिहिलं, की हे मनोऱ्यांमुळे झालं. परवाच, रविवारी दुपारी अडीच वाजता, सेक्टर 93-ए मधले जुळे मनोरे पाडले होते. शंभर मीटरच्या आसपास उंची, 3,700 किलो स्फोटकं, आणि काही सेकंदांत सगळं आडवं. त्या आठवड्यात नोएडात कशालाही तेच कारण पुरत होतं. दूध नासलं, लिफ्ट अडकली, मोलकरीण आली नाही, मनोरे. मलाही क्षणभर ते पटलं. मग लक्षात आलं, की पेन ड्राइव्ह तेव्हा कपाटात माझ्या लोकरी मोज्यांत गुंडाळलेला होता, आणि त्या मोज्यांतून दिल्लीची जानेवारीतली थंडीसुद्धा आत जात नाही.

एका भल्या माणसानं यूट्यूबवरची मंत्रपुष्पांजलीची लिंकही पाठवली. ही लावा म्हणाला. स्वच्छ आवाज, मागं तानपुरा, सगळं यथास्थित. बायकोनं अर्धा मिनिट ऐकलं आणि फोन पालथा ठेवला.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो गुरुग्रामला काचेच्या इमारतीत काम करतो. जन्म दिल्लीचा, त्यामुळे शब्द मराठी आणि चाल हिंदी. "मामा, टेन्शन घेऊ नका. तुम्ही व्हीएलसी टाकून घ्या, ते सगळं चालवून देतं."

व्हीएलसी म्हणजे तो प्लेअर, ज्याचं चिन्ह रस्ता खोदल्यावर ठेवतात तसला केशरी शंकू आहे. फ्रान्समधल्या एकोल सांत्राल या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांनी 1996 मध्ये जो उद्योग आरंभला, त्यातून हा निघाला. फुकट मिळतो आणि आपले कोडेक आपणच बरोबर घेऊन हिंडतो. कोडेक म्हणजे दुभाषा, असं मला भाच्यानं समजावलं. आवाज दाबून भरताना तो कुठल्यातरी एका भाषेत भरतात. उलगडताना ती भाषा जाणणारा कुणीतरी लागतो. कॉम्प्युटरकडे मोजके दुभाषे असतात. शंकूवाल्याकडे पलटण.

मी पत्ता टाकला. पानाऐवजी पाटी आली: सरकारी आदेशान्वये हे संकेतस्थळ बंद आहे.

ही थट्टा नाही. 2022 च्या फेब्रुवारीपासून व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात अडवलेलं होतं, आणि ते का अडवलं हे बनवणाऱ्यांनासुद्धा कुणी कळवलेलं नव्हतं. त्यांनी दिल्लीतल्याच इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस धाडली, तेव्हा कुठं नोव्हेंबरात ते मोकळं झालं. पण आमचे गणपती ऑगस्टात होते. चौतीस वर्षं मी आदेशांचे मसुदे लिहिले. आदेश पलीकडच्या बाजूनं कसा दिसतो, हे मला निवृत्तीनंतर, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर कळलं. मसुदा मात्र नीटनेटका होता. कायद्याचं सालसुद्धा घातलेलं.

"मामा, स्क्रीन शेअर करून द्या," भाचा म्हणाला. दिली. तो बराच वेळ गप्प. मग, "मामा, या फाईलची साइज किती दाखवतेय?"

"एक केबी."

"नीट बघून घ्या. राइट क्लिक, प्रॉपर्टीज."

प्रॉपर्टीज म्हटल्यावर दिल्लीत माणूस सावरून बसतो. इथं इस्टेट निघाली 44 बाइट. सगळी मिळून.

पलीकडं तो हसत होता. थोरांसमोर हसताना तोंडावर हात धरतात, तो धरल्याचाही आवाज आला. मग त्यानं मला ती फाईल नोटपॅडमध्ये उघडायला लावली. म्हणाला, की फाईलची खरी जात तिच्या पहिल्या अक्षरांत असते, नावात नसते. उघडली. एवढ्या मोठ्या पांढऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात चार रोमन अक्षरं: आर, आय, एफ, एफ. त्यांच्या शेपटाला एक डॉलरचं चिन्ह. मला वाटलं, पैसे मागतोय. भाचा म्हणाला, तो डॉलर नाही, पुढं 36 बाइट आहेत असं सांगणारा आकडा आहे, नोटपॅडला तो डॉलरसारखा दिसतो. त्याच्या पुढं सी, डी, डी, ए. आणि मग थोडा कचरा. झालं. बाबा एवढेच.

44 बाइट म्हणजे किती, हे ज्यांना उमगत नसेल त्यांच्यासाठी: देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना आणि वेलांटी धरून, कॉम्प्युटरमध्ये एरवी तीन-तीन बाइट खातं. 'गणपती बाप्पा मोरया' लिहायला 50 बाइट लागतात. म्हणजे मी अकरा वर्षं मोज्यात जपून ठेवलेल्या त्या ठेव्यात मोरयासुद्धा पुरता मावला नसता.

"मामा, हे गाणं नाही. हा गाण्याचा पत्ता आहे." गाण्यांच्या सीडीवर आपण समजतो तशा फाईली नसतातच. कॉम्प्युटर आपल्या सोयीसाठी प्रत्येक गाण्यामागं एक चिठ्ठी दाखवतो: कितवं गाणं, चकतीवर कुठून सुरू, किती लांब, चकतीचा नंबर काय. चिठ्ठीच्या नावापुढं सीडीए असं शेपूट असतं. मी 2011 मध्ये त्या चिठ्ठ्या उचलून आणल्या होत्या आणि गाणी चकतीवरच राहिली होती.

हे मात्र मला एका क्षणात कळलं. आमच्या भाषेत याला अग्रेषण पत्र म्हणतात. वर क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, 'सोबत पाठवत आहे', खाली 'संलग्नक: यथोपरि', आणि सोबत काहीच नाही. अशी पत्रं मी शेकड्यांनी पाहिलीत. पाठवलीही असतील. टपाल रवाना झालं, नोंद झाली, जबाबदारी संपली.

"पण मग," भाच्यानं चिवटपणे विचारलं, "या फाईलच्या मागं एमपी3 कुठून आलं?"

इथं मला कबुली द्यावी लागली. पेन ड्राइव्हवरच्या इतर गाण्यांमागं एमपी3 होतं. हिच्यामागचं सीडीए डोळ्याला खटकलं. म्हणून 'ट्रॅक 07' खोडून चांगलं मराठी नाव दिलं आणि शेपूटही बदललं. नाव बदललं की वस्तू बदलते, हा समज मी जिथं नोकरी केली त्या शहरात अगदीच जगावेगळा नाही. कॅनॉट प्लेसचं नाव 1995 मध्ये राजीव चौक झालं आणि रिक्षावाल्यापासून सचिवापर्यंत सगळे अजून सीपीच म्हणतात. त्याच 1995 च्या 14 जुलैला जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी एमपी3 हे शेपूट मुक्रर केलं होतं. ते लावण्याआधी आवाज त्यांच्या पद्धतीनं दाबावा लागतो, ही अट माझ्या वाचनात आलेली नव्हती. याच दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृक्‌श्राव्य अभिलेखागाराला विश्वासार्ह डिजिटल जतनाचं आयएसओ 16363 प्रमाणपत्र 2017 मध्ये मिळालं, साऱ्या जगात पहिलं. तिथून मेट्रोच्या काही स्टेशनांवर मी राहतो.

तर सीडी हवी होती. ती शोधायला दीड तास गेला. मृत म्युझिक सिस्टीमच्या पोटात नव्हती, रिकाम्या डबीतही नव्हती. अखेर पूजेच्या पेटीत, जानव्यांच्या जोडाखाली मिळाली. एका अंगाला अष्टगंधाचं बोट, दुसऱ्या अंगाला कापराचा तेलकट डाग. सतरा वर्षांची भक्ती तिच्यावर साचली होती. आणि आता ती घालायची कुठं? माझ्या लॅपटॉपला फटच नाही. पोरानं दिलेला आहे, पातळ आहे, वरणात पापड मोडावा तसा.

म्हणून दुपारी तीनला नेहरू प्लेस. बोटॅनिकल गार्डनहून मॅजेंटा लाइन, कालकाजी मंदिरला व्हायोलेट, पुढचं स्टेशन. वाटेत एकच विचार डोक्यात घोळत होता. 1902 मध्ये गौहर जाननं कलकत्त्यात भरलेली तबकडी सुई टेकवली की आजही बोलते. 'दुसरं काहीतरी निवडा' असं ती कुणालाही म्हणत नाही.

नेहरू प्लेस होतं तिथंच आणि होतं तसंच आहे. पायऱ्या चढून फरसबंदीवर पाय ठेवला की चारी बाजूंनी पोरं कानाशी कुजबुजतात, लॅपटॉप, चार्जर, अँटीव्हायरस, जणू काही मुघलांचा खजिना विकतायत. 2005 चं ते दुकान जिथं होतं तिथं आता मोबाइलच्या काचा बदलतात. दोन जिने चढून एका टपरीवजा गाळ्यात पोचलो. पोरगा विशीतला. मी पिशवीतून रुमाल, रुमालातून डबी, डबीतून सीडी काढली.

"अंकल, सीडी?" तो चकती उन्हाकडे धरून म्हणाला. "किस की शादी की है?"

हल्ली सीडी घेऊन फक्त लग्नवाले येतात म्हणे. मी म्हटलं, लग्न नाही, वडील आहेत. तो एकदम नीट उभा राहिला. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह काढला, बाराशे सांगितले, माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच नऊशे केले. मग डाग पाहिले आणि एक गोष्ट शिकवली, जी मी कर्नलसाहेबांनासुद्धा शिकवू शकलो: "कपडे से पोंछना, पर बीच से बाहर, सीधा. गोल मत घुमाना." चकतीवर आवाज गोल गोल वळशांत भरलेला असतो. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो वळशाच्या लांबीनं पडतो आणि एकाच जागचं बरंच काही सलग खाऊन टाकतो. आडवा पडला तर प्रत्येक वळशातलं चिमूटभर जातं, आणि चिमूटभर गेलेलं यंत्र आपल्या हिशेबानं भरून काढतं.

रात्री नऊला सगळे जमले. बायको (चेहरा अजून शांत), कर्नलसाहेब, फोनवर भाचा. चकती पुसण्याचं काम साहेबांनी मागून घेतलं. बुटांना लावायचं मऊ फडकं वरून आणलं आणि मधून बाहेर, मधून बाहेर, अर्धा तास संचलन चाललं. मग ड्राइव्ह लावला. तो गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला, गळ्यात काही अडकल्यासारखा. पडद्यावर ओळीनं चिठ्ठ्या आल्या. त्याच 44 बाइटांच्या. पण या वेळी संलग्नक सोबत होतं.

"आता कॉपी नाही करायचं मामा, रिप करायचं," भाचा घाईघाईनं ओरडला. म्हणजे चिठ्ठी न उचलता चकतीवरचा आवाज खणून काढायचा: सेकंदाला 44,100 मोजण्या, त्याही दोन्ही कानांसाठी वेगळ्या, मिनिटाला साधारण दहा एमबी. आमच्या टू-इन-वनला माइक एकच होता, तरी दोन्ही कानांचा हिशेब लागला. पहिलं गाणं उतरायला तीन सेकंद नव्हे, चांगली दोन मिनिटं गेली. मला विश्वास वाटू लागला.

"पहिलंच लावून बघा," तो म्हणाला. एरवी आम्ही रिमोटनं थेट सातवर जायचो. पहिलं काय आहे हे सतरा वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. दुकानदारानं कॅसेट पहिल्या इंचापासून भरली होती.

आधी नुसती खरखर. मग कुकरची शिट्टी. लांबवरून कबाडीवाल्याची हाक, रामकृष्णपुरमची, अजून तशीच. आणि मग अगदी जवळून, माइकला दाढी घासल्यासारखा, बाबांचा आवाज.

"लागलंय का रे?"

"लागलंय बाबा." हा मी. आवाज माझ्या मुलासारखा.

"नुसतं लाल बटण दाबलंस. शेजारचंपण दाब. दोन्ही एकदम."

"दोन्ही दाबलीत."

"मग चाक का फिरत नाही?"

"फिरतंय, तुमची सावली पडलीय त्याच्यावर."

"मला नाही वाटत. तू खालच्या सरदारजींना बोलाव, त्यांना यातलं कळतं."

कर्नलसाहेबांना मराठी येत नाही. ते पुढं वाकून ऐकत होते. "क्या कह रहे हैं?" त्यांनी हळूच विचारलं.

बायकोनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "पूछ रहे हैं, चल रहा है कि नहीं."